चार ओहम

सावद्यात वैशाखातल्या दुपारी
दुकानाचं शटर हात लावू देत नाही.
पान्हे बादलीत बुडवून ठेवतो,
आणि सुभानचाचा म्हणतात, आज वार्निश आपोआप वाळेल.

अशा वेळी आला मिलिंद नेहेते,
टेम्पोत पंपाची मोटार, खिशात स्वतःचं नवंकोरं मीटर.
"पौषात तुमीच भरून देल्ही. तवा चार ओहम.
आज चार पंचावन्न.
चार महिन्यात तांबं सडलं का
तांब्याच्या नावावर दुसरंच काही भरलं?"

चाचांनी विडी विझवली.
त्यांना राग उशिरा येतो, मोठ्या मोटारीसारखा;
आणि आला की निवायलाही रात्र लागते.
म्हणून मध्ये मीच बोलले.

म्हटलं, भाऊ, तुमच्याच बागेतून
घड खांद्यावर घेऊन माणूस निघतो.
वारा पडलेला असला तर सरळ बांधावर.
वावटळीत तीच बाग, तीच वाट,
पण पान न् पान अंगावर येतं.
तांब्यात ऊन शिरलं की असंच होतं,
आतलं सगळं थरथरतं, जाणाऱ्याला अडवतं.
याला रोध म्हणतात.

"पुस्तकातलं नको सांगू," नेहेते म्हणाला.

चाचा उठले. "तार तीच हे, भाऊ. तिले ऊन लागलं.
चाल, तुह्या केळीजोळ निजवू तिले."

फैजपूर रस्त्याला नेहेत्यांची थंड खोली.
हिरव्या केळींच्या क्रेटमध्ये
आम्ही मोटारीचं पोट ठेवलं, उघडं,
बाळंतिणीसारखं गोणपाटावर.
भिंतीवर आकडा : तेरा.
कुलूप नेहेत्याचं, किल्लीही त्याच्याच कमरेला.

रात्री गच्चीवर झोप येईना.
आयटीआयच्या कोल्हे सरांनी फळ्यावर लिहिलेलं आठवलं :
उणे दोनशे चौतीस पूर्णांक पाच.
इतक्या थंडीत तांबं म्हणे कुणालाच अडवणार नाही.
"खरंच, सर?"
"नाही. तिथवर जाता जाता रेघ वाकते.
पण हिशेबाला ती सरळच धरायची."
मला ते फार आवडलं होतं,
कुठंच नसलेल्या एका गावापासून
आपल्या सगळ्या उन्हाळ्यांचं अंतर मोजायचं.
त्या गावाहून पौष दोनशे सेहेचाळीस पावलांवर,
आजची दुपार दोनशे ऐंशी.
पाण्याचा तांब्या उशाशी होता, तोही कोमट.

सकाळी कुलूप निघालं.
नेहेत्यानं स्वतःचं मीटर लावलं, मग आमचं,
मग टोकं घासून पुन्हा स्वतःचं.
चार पूर्णांक शून्य दोन.

बराच वेळ कुणी बोललं नाही. फक्त पंखा.
मग तो म्हणाला, "हे दोन कुठून आले?"
वही मी बरोबर आणली होती.
पौषातल्या त्या पानावर माझ्याच अक्षरात :
ओहम चार, हवा बारा.
"एक अंशाचे," म्हटलं.

चाचांचं लक्ष तिकडे नव्हतंच.
ते भिंतीवरच्या काळ्या मण्याकडे बघत होते,
ज्याच्या सांगण्यावरून थंड यंत्र चालू-बंद होतं.
तो उलटा, मी सांगितलं.
तापला की वाट सोडतो, गारठला की अडून बसतो.
"तापल्यावर सोडतो?"
चाचांनी त्याला बोट लावून पाहिलं,
पाहुण्याच्या घरचं लेकरू चाचपावं तसं.
"असा माणूस नही पाह्यला मी," म्हणाले,
आणि जरा थांबून, "एक पाह्यला."
कोण ते सांगितलं नाही.

बाहेर आणल्याबरोबर लोखंडानं दव धरलं.
चाचांनी रुमालानं पुसलं.
मीटर मात्र नेहेत्यानं काढू दिलं नाही;
टेम्पोत मांडीवर घेऊन बसला,
सावदा येईस्तोवर मोठ्यानं वाचत :
चार शून्य पाच,
चार शून्य नऊ,
चार चौदा,
आणि ऊन आता कुठे भिंतीवरून खाली उतरत होतं.